विमान पाडलं कुणी? : रेडिओ-नियंत्रित विमानं आणि हस्तक्षेपाचा शोध

मागच्या व्याख्यानात आपण ‘कारण म्हणजे काय’ यावर बोललो. त्यानंतर आलेल्या प्रश्नांमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली. तुमची सगळी उदाहरणं डोंगरावरचा धूर आणि स्वयंपाकघरातला अग्नी यांच्यापलीकडे जातच नाहीत, अशी. तक्रार रास्त आहे. म्हणून आज उदाहरण बदलू या. आज रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांचा इतिहास सांगणार आहे, आणि त्यातही फक्त एकच धागा: विमान अचानक ऐकेनासं होतं तेव्हा काय झालेलं असतं, आणि ते माणसांनी कसं शोधून काढलं.

ही खेळणी आहेत असं समजू नका. चार किलो वजनाचं विमान सेकंदाला तीस मीटर, म्हणजे ताशी शंभराच्या वर जातं तेव्हा त्याच्या अंगात 1800 जूल ऊर्जा असते. पंधरा मजली इमारतीच्या गच्चीवरून चार किलोचा दगड सोडला तर खाली पोहोचताना त्याच्यात साधारण तेवढीच असेल, आणि विमानाच्या पुढे फिरतं पातं असतं ते वेगळंच. खाली माणसं उभी असतात, पोरं उभी असतात. उडवणारा आणि विमान यांच्यात ना दोरी ना तार. जे काही आहे ते लहरींवर आहे.

आता प्रसंग डोळ्यांपुढे आणा. विमान छान चाललंय, वळतंय. मध्येच एक झटका देतं, नाक खाली घालतं आणि जमिनीत घुसतं. जगातल्या कुठल्याही मैदानावर त्यानंतर पहिलं वाक्य एकच ऐकू येतं: ‘सिग्नल गेला!’ आणि दुसरं वाक्य, जरा चढ्या आवाजात, ‘कुणी चालू केला रे ट्रान्समीटर?’ तुकडे गोळा करता येतात, पण तुकड्यांत लहर सापडत नाही. कार्य समोर पडलेलं आहे आणि कारण केव्हाच प्रकाशाच्या वेगानं निघून गेलंय. तपास करणाऱ्याची अडचण ही आहे. शिवाय ‘सिग्नल गेला’ हे कारण फार सोयीचं असतं. ते खोटं ठरवता येत नाही आणि त्यात कुणाचा हात चुकलेला नसतो.

सुरुवात निकोला टेस्लापासून करावी लागते. 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या विद्युत प्रदर्शनाच्या निमित्तानं त्यानं बिनतारी चालणारी छोटी नाव दाखवली, आणि त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला तिचं पेटंट मिळवलं. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. त्यापुढची फारशी सांगितली जात नाही. टेस्लाच्या लगेच ध्यानात आलं, की मी नाव चालवू शकतो तर दुसराही कुणी चालवू शकेल. त्याची 1903 ची दोन पेटंटं याच प्रश्नावर आहेत. त्यांतली युक्ती अशी, की एकाऐवजी दोन वेगवेगळ्या कंपनसंख्या एकाच वेळी पोहोचल्या तरच यंत्रानं हालचाल करायची. दोन किल्ल्यांचं कुलूपच म्हणा ना. म्हणजे नियंत्रणाची कल्पना आणि त्या नियंत्रणात तिसऱ्याच्या लुडबुडीची भीती, या दोन गोष्टी जवळजवळ जुळ्या भावंडांसारख्या जन्मल्या.

जुळ्या भावंडांवरून आठवलं. छंद म्हणून विमान रेडिओवर उडवण्याची मजल खऱ्या अर्थानं मारली ती वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकन जुळ्या भावांनी. मिशिगनमधल्या कलामझू गावी, 1937 साली. विमानाचं नाव ‘गफ’, पंखांची लांबी आठ फूट. आज ते स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या काळी असा ट्रान्समीटर चालवायला हौशी रेडिओवाल्याचा परवाना लागायचा, त्यासाठी परीक्षा द्यावी लागायची. त्यामुळे मैदानावर एका वेळी एखादाच ट्रान्समीटर असायचा. हस्तक्षेप करायला दुसरं कुणी नव्हतंच!

असायला हवंही नव्हतं, कारण तेव्हाचा रिसीव्हर. आर्मस्ट्राँगनं 1922 साली काढलेलं ‘सुपररिजनरेटिव्ह’ नावाचं सर्किट एका व्हॉल्व्हमध्ये प्रचंड संवेदनशीलता द्यायचं. हलकं, स्वस्त, विमानासाठी अगदी योग्य. पण त्याचे कान फार मोठे होते, आजूबाजूच्या पट्ट्यात कुणीही बोललं तरी ते ऐकायचं. आणि गंमत अशी की ऐकता ऐकता ते स्वतःही थोडंसं बोलायचं, म्हणजे त्यातून लहरी बाहेर पडायच्या. शेजारी तसलाच दुसरा रिसीव्हर चालू असेल तर एकमेकांना त्रास. म्हणून नियम साधा होता: एक आकाश, एक विमान. बाकीचे पाळी लावून उभे.

हे बदललं ते क्रिस्टलवाल्या सुपरहेट रिसीव्हरमुळे. क्वार्ट्झचा एक पातळ काप ठरावीक कंपनसंख्येवरच थरथरतो, आणि त्याच्या आधारानं रिसीव्हर एका अरुंद फटीतूनच ऐकतो. 27 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सहा जागा ठरल्या. त्यांना रंग दिले: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. ज्यांनी रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केलाय त्यांनी ओळखलं असेल, हे रेझिस्टरवरच्या पट्ट्यांचे एक ते सहा आकडे आहेत. ट्रान्समीटरच्या लांब अँटेनाला त्या रंगाची फीत बांधायची. सहा रंग, सहा विमानं एकत्र आकाशात. लोकांना केवढं अप्रूप वाटलं असेल!

आणि मग शेजारी राहायला आले.

अमेरिकेच्या सरकारनं 1958 साली याच 27 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वसामान्य नागरिकांना बोलण्यासाठी 23 चॅनल खुली केली. हाच तो ‘सिटिझन्स बँड’, सीबी. विमानवाल्यांच्या सहापैकी पाच जागा या चॅनलांच्या मधल्या फटींत होत्या आणि सहावी, निळी, तर थेट तेविसाव्या चॅनलवरच. सुरुवातीची काही वर्षं निभावलं. 1973 च्या तेलसंकटानंतर वेगमर्यादा ताशी 55 मैलांवर आली, ट्रकवाले एकमेकांना पोलिसांचा आणि पेट्रोलपंपांचा ठावठिकाणा सांगायला सीबी वापरू लागले आणि बघता बघता प्रत्येक गाडीवर एक अँटेना दिसू लागली. गर्दी इतकी झाली, की 1 जानेवारी 1977 पासून चॅनल 40 करावी लागली.

आता जरा हिशेब करू, कारण हिशेबाशिवाय हा प्रश्न कळत नाही. विमानाचा ट्रान्समीटर अर्ध्या वॉटचा धरा, विमान चारशे मीटरवर आहे. सीबी संच चार वॉटचा. लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. गणित केलं तर त्याच कंपनसंख्येवरचा सीबीवाला साधारण 1.1 किलोमीटरवर असला तरी विमानाच्या कानात त्याचा आवाज मालकाच्या आवाजाएवढाच भरतो. काही जण बेकायदा अ‍ॅम्प्लिफायर जोडायचे. त्यातून शंभर वॉट निघाले तर हेच अंतर साडेपाच किलोमीटरच्या वर जातं. आणि यात आणखी एक मेख आहे. विमान वर आहे. त्याला टेकडीपलीकडचा हायवे ‘दिसतो’, मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. म्हणजे तुम्ही खाली रिसीव्हर लावून तासभर ऐकत बसलात आणि म्हणालात, की इथे काही हस्तक्षेप नाही, तर तुमचं म्हणणं जमिनीपुरतं खरं आहे. शंभर मीटर वर ते खरं असेलच असं नाही. निरीक्षण जिथे करायला हवं तिथे केलंच नाही, आणि तरी निष्कर्ष काढला. तपासातली ही चूक आजही रोज होते, विमानांच्या बाहेरही होते.

सूर्यानंही यात हात घातला. सूर्यावरच्या डागांचं अकरा-एक वर्षांचं चक्र असतं. डाग वाढले की आयनोस्फिअर 27 मेगाहर्ट्झच्या लहरीसुद्धा परत पृथ्वीकडे वळवतो. आपल्या पिढीनं रेडिओ सिलोन ऐकताना आवाज आत-बाहेर जाताना अनुभवलाय, ती याच आयनोस्फिअरची कृपा. 1979-80 च्या सुमाराला ते चक्र शिखरावर होतं. तेव्हा अमेरिकेतला सीबीवाला ब्रिटनमध्ये ऐकू यायचा. तुमचं विमान कुणी पाडलं, तर समुद्रापलीकडच्या एका ट्रकवाल्यानं, हे वाक्य विनोद म्हणून ठीक आहे. पण अशक्य मात्र नव्हतं.

ब्रिटनची गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण तिथे प्रश्न निव्वळ तांत्रिक राहिला नाही. तिथे सीबी बेकायदा होता. मात्र अमेरिकन बनावटीचे संच चोरून येत होते आणि हजारो लोक ते वापरत होते. विमानवाले 27 मेगाहर्ट्झवर कायदेशीरपणे बसलेले, आणि शेजारी न नोंदलेली, न दिसणारी वस्ती वाढतेय. सीबीवाल्यांची मागणी काय होती? आम्हाला बोलू द्या. मागणी वाईट म्हणता येईल का? खेड्यातल्या एकट्या माणसाला, रात्री गाडी चालवणाऱ्याला कुणाशी तरी बोलायचं होतं. तो विमान पाडायला निघाला नव्हता. बहुतेकांना असं काही विमान अस्तित्वात आहे याचीही कल्पना नसणार. आता सांगा, विमान पडून कुणाला लागलं असतं तर दोषी कोण? ज्यानं बेकायदा बोलणं केलं तो? तो एकटा कधीच नसतो, शेकडो आवाजांतला एक असतो. धोका माहीत असूनही उडवत राहिलेला विमानवाला? की पट्टा वाटून देणारं सरकार? माझं मत विचाराल, तर सरकारचा वाटा मोठा होता. माणसं बोलणार हे दिसत असताना त्यांना जागाच न देणं, हा नियम पाळायला लावण्याचा मार्ग नव्हे.

सरकारनं 1980 मध्ये सीबीला 928 मेगाहर्ट्झच्या आसपास हलवायचा प्रस्ताव मांडला. सीबीवाल्यांनी तो धुडकावला, हातातले संच कोण टाकून देणार? शेवटी 2 नोव्हेंबर 1981 रोजी ब्रिटनमध्ये सीबी कायदेशीर झाला तो 27 मेगाहर्ट्झमध्येच, फक्त जरा वरच्या भागात आणि एफएमवर. आणि विमानवाल्यांना त्याच सुमाराला नवं घर मिळालं: 35 मेगाहर्ट्झ, फक्त उडणाऱ्या मॉडेल्ससाठी. जमिनीवरच्या गाड्या आणि पाण्यातल्या बोटी यांना तिथे मज्जाव, त्यांच्यासाठी पुढे 40 मेगाहर्ट्झ. अमेरिकेतही विमानांसाठी 72 आणि जमिनीवरच्या वाहनांसाठी 75 अशी फाळणी झाली. कारण उघड आहे. हस्तक्षेपानं गाडी थांबली तर थांबली, विमान हवेत थांबत नाही.

बाहेरचा शेजारी गेला, तरी घरातलं भांडण राहिलंच. एका चॅनलवर दोन ट्रान्समीटर चालू झाले की हवेतलं विमान गेलंच म्हणून समजा. यावर क्लबांनी जी तोड काढली ती मला फार आवडते. मैदानाच्या कडेला एक लाकडी फळी, तिच्यावर प्रत्येक चॅनलची एक खुंटी, खुंटीला चिमटा. ज्याच्या हातात त्या चॅनलचा चिमटा, त्यानंच ट्रान्समीटर चालू करायचा. काम झालं की चिमटा परत फळीवर. लहर दिसत नाही, म्हणून तिचा हक्क दिसणाऱ्या वस्तूत बांधून टाकला. राज्यशास्त्रातले जाडजूड ग्रंथ वाचून सामाजिक करार समजत नसेल तर ती फळी पाहावी. पोलीस नाही, दंड नाही, आणि एक जण विसरला तरी दुसऱ्याचं महिनोन्‌महिने खपून बांधलेलं विमान मातीत जातं.

फळी असूनही विमानं पडत होती, आणि इथे तपास खरा रंगतो. दोघांचे चॅनल वेगळे, दोघांच्या हातात आपापले चिमटे, तरी विमान का पडावं? याचं एक कारण लहरींच्या मिसळण्यात आहे. दोन ट्रान्समीटर एकमेकांच्या अगदी जवळ उभे राहिले, तर पहिल्याच्या कंपनसंख्येची दुप्पट वजा दुसऱ्याची, अशी तिसरीच कंपनसंख्या तयार होऊ शकते. चॅनल 60 आणि 62 शेजारी उभे आहेत, तर भूत उभं राहतं 58 वर आणि 64 वर. तिथे कुणाचंच बोट नाही. 64 वाला म्हणतो, माझ्या चॅनलवर कुणीतरी आलं. फळी म्हणते, कुणीही आलं नाही. दोघंही खरं बोलताहेत! उपाय काय, तर उडवणाऱ्यांनी एकमेकांपासून काही मीटर अंतर ठेवून उभं राहायचं. दुसरं कारण अमेरिकेत 72 मेगाहर्ट्झवर सापडलं. साधे रिसीव्हर आलेली लहर आतमध्ये 455 किलोहर्ट्झवर उतरवून घेत. तिथे चॅनल वीस किलोहर्ट्झच्या अंतरावर असल्यानं बरोबर 23 चॅनलांच्या फरकावर असलेल्या दोन ट्रान्समीटरमधला फरक 460 किलोहर्ट्झ भरायचा, म्हणजे जवळजवळ तोच आकडा. मग त्या दोघांच्या फरकानं तिसऱ्याच कुणाच्या तरी रिसीव्हरच्या मागच्या दारातून आत शिरायचं. रिसीव्हरमध्ये लहर दोन टप्प्यांत उतरवायला लागल्यावर हे दार बंद झालं.

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘उपाधी’ आठवत असेल. जिथे अग्नी तिथे धूर, हे म्हणणं लंगडं आहे, कारण धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. ओलं लाकूड ही इथली उपाधी. ‘त्यानं ट्रान्समीटर चालू केला आणि माझं विमान पडलं’ या वाक्यातसुद्धा अशीच उपाधी दडलेली असते. तो चालू करणं पुरेसं नव्हतं. तो विशिष्ट चॅनलवर, विशिष्ट तिसऱ्या माणसाच्या शेजारी उभा होता म्हणून ते घडलं. ज्याच्यावर आपण ओरडलो त्यानं नियम मोडलेला नव्हता.

आणि पुष्कळदा तर बाहेरची लहर मुळात नसतेच. जाणकार मंडळी पडलेल्या विमानाकडे कशी बघायची, ते ऐकण्यासारखं आहे. आधी बॅटरी. निकेल-कॅडमियमच्या जुन्या सेलांच्या ऋण टोकाकडची वायर आतून काळी पडत जाते. वरचं आवरण शाबूत, आत तांब्याचा रंग गेलेला. व्होल्टमीटरवर आकडा बरोबर, पण सर्व्होंनी जोर लावला की वीज पुरत नाही. मग स्विच, त्याचे झिजलेले संपर्क. मग क्रिस्टल: आधीच्या एखाद्या आपटीत आतल्या आत तडकलेला, आणि इंजिनाच्या थरथरीत अधूनमधून दगा देणारा. मग धातूवर धातू घासणारा एखादा सांधा. दोन धातूंचे सुटे भाग इंजिनाच्या कंपनानं एकमेकांवर थडथडले, की त्यातूनच बारीक रेडिओ-खरखर निघते. म्हणून एका बाजूला नायलॉनचा तुकडा घालायची पद्धत पडली. पेट्रोल इंजिनाच्या ठिणगीबद्दल वेगळं सांगायला नको, शेजारून स्कूटर गेली की टीव्हीवर मुंग्या यायच्या हे आपण पाहिलंय. आणि अँटेना: उडवणाऱ्यानं अँटेनाचं टोक सरळ विमानाकडे रोखलं, तर त्या दिशेनं लहर सगळ्यात कमी जाते. आपण बोट दाखवतो तसा अँटेना दाखवायचा मोह होतो, आणि नेमका तोच चुकीचा.

शोध घेण्याची पद्धत मात्र सोपी होती, आणि मिलच्या तर्कशास्त्रातली ‘भेदाची रीत’ शिकवायला माझ्या माहितीत याहून चांगलं उदाहरण नाही. ट्रान्समीटरचा अँटेना मिटवायचा, म्हणजे पल्ला कमी होतो. विमान एकानं धरायचं, दुसऱ्यानं पावलं मोजत लांब जायचं. इंजिन बंद असताना कुठपर्यंत सर्व्हो शांत राहतात ते बघायचं. मग दुसरं काहीही न बदलता इंजिन चालू करायचं आणि पुन्हा मोजायचं. पहिल्यांदा चाळीस पावलं आणि आता पंधरा? मग हायवेला शिव्या देऊ नका. दोष विमानाच्या पोटात आहे, थरथरीत किंवा ठिणगीत.

एक कारण विमानातही नसतं आणि हवेतही नसतं. विमान तुमच्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटतं. नवशिका डावीकडे वळवायला जातो, विमान भलतीकडे जातं, तो आणखी जोरात काडी दाबतो आणि नंतर शपथेवर सांगतो, ‘कंट्रोल गेला होता’. तो खोटं बोलत नाही. त्याला तसंच दिसलं.

आता रिसीव्हरच्या डोक्यात शिरू. साठच्या दशकात जी प्रमाणबद्ध नियंत्रण पद्धत आली, तिच्यात प्रत्येक सर्व्होसाठी एक स्पंद जातो: एक मिलिसेकंद म्हणजे एक टोक, दोन म्हणजे दुसरं, दीड म्हणजे मध्य. ही सगळी माळ सेकंदाला सुमारे पन्नास वेळा पाठवायची. हा रिसीव्हर भोळा होता. मध्ये कुठून तरी खरखर आली तर तो तिलाच स्पंद समजायचा आणि सर्व्हो झटका द्यायचा. ऐंशीच्या दशकात पीसीएम आलं. यात आज्ञा आकड्यांत जाते आणि सोबत ताळा जुळवण्याचा आकडाही जातो. ताळा जुळला नाही तर रिसीव्हर ती आज्ञा मानतच नाही. आधीची स्थिती धरून ठेवतो, आणि थोडा वेळ काहीच नीट आलं नाही तर आधी शिकवलेलं करतो: इंजिन मंद कर, पंखे सरळ कर. याला फेलसेफ म्हणतात.

भोळ्या रिसीव्हरला भ्रम होत होता, नव्याला आपल्या अज्ञानाची जाणीव झाली. आपल्याकडे भाट्ट मीमांसक आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतकं वाद झाला, की ‘जमिनीवर घट नाही’ हे आपल्याला कळतं कसं? कुमारिलाचे अनुयायी म्हणाले, अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण आहे. नैयायिक म्हणाले, वेगळं प्रमाण कशाला, प्रत्यक्षानंच कळतं. पण एका गोष्टीवर बराचसा मेळ होता: घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही याला अर्थ नाही. फेलसेफ नेमका यावरच उभा आहे. दर क्षणाला आज्ञा येणारच, अशी अपेक्षा रिसीव्हरला दिली आहे, म्हणून ‘आली नाही’ हे त्याला कळू शकतं. भोळ्या रिसीव्हरकडे खरी आणि खोटी ओळखायची कसोटीच नव्हती, त्यामुळे त्याच्या जगात अभावाला जागाही नव्हती.

यावरून मॉडेलवाल्यांत मात्र मोठी तेढ पडली. जुन्या पद्धतीचे समर्थक म्हणत, झटके बसतात ते बरंच आहे. विमान कुरकुरायला लागलं की समजतं, उतरवा. पीसीएम सगळं निमूट गिळतं आणि शेवटी एकदम हात वर करतं. दुसरी बाजू म्हणे, झटका जमिनीजवळ बसला तर इशारा कुणाला देणार? माझा कल पीसीएमकडे आहे, पण जुन्यांचं म्हणणं मोडीत काढता येत नाही. तापाची गोळी घेऊन कामावर जाणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे हा.

शेवटचं वळण युद्धातून आलं. 1942 साली अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना एक पेटंट मिळालं. शत्रूनं टॉर्पेडोचं रेडिओ-नियंत्रण जॅम करू नये म्हणून ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांनी एकाच तालात कंपनसंख्या बदलत राहायचं. ताल जुळवायला आपोआप वाजणाऱ्या पियानोसारखी भोकं पाडलेली कागदी पट्टी, आणि पियानोच्या पट्ट्यांएवढ्याच 88 कंपनसंख्या. युद्धात ते वापरलं गेलं नाही. लहर एका जागी न ठेवता पसरायची, या जातीच्या कल्पना पुढे अनेकांनी अनेक वाटांनी वाढवल्या, आणि 2005 साली 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारा मॉडेल विमानांचा संच बाजारात आला. रिसीव्हर आपल्या ट्रान्समीटरची ओळखखूण लक्षात ठेवतो, बाकीच्यांकडे बघतच नाही. क्रिस्टल गेले, रंगीत फिती गेल्या, फळीवरचे चिमटे गेले. योगायोग असा, की भारत सरकारनंही जानेवारी 2005 मध्येच 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. ज्या देशात 1933 च्या कायद्याप्रमाणे बिनतारी यंत्र बाळगायलाच परवाना लागायचा आणि घरातल्या रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन भरावं लागायचं, तिथल्या हौशी माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

मग विमानं पडायची थांबली? नाही हो. नव्या रिसीव्हरमध्ये छोटा संगणक असतो. चार-पाच सर्व्होंनी एकदम जोर लावला आणि व्होल्टेज क्षणभर खाली गेलं, की तो संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. सुरुवातीच्या काही रिसीव्हरना परत जागं व्हायला काही सेकंद लागत. लहर शाबूत, हवा स्वच्छ, तरी विमान बहिरं. सुरुवातीला लोकांनी याचं खापर वायफायवर आणि मायक्रोवेव्ह ओव्हनवर फोडलं, कारण तेही याच पट्ट्यात आहेत. पण वीज जाऊन आली की काही रिसीव्हरांवरचा दिवा लुकलुकत राहतो. म्हणजे पहिल्यांदाच पडलेल्या विमानाच्या पोटात साक्षीदार जिवंत सापडू लागला. पुढे संच स्वतःच नोंदी ठेवू लागले: किती वेळा एका अँटेनाला ऐकू आलं नाही, किती वेळा पूर्ण आज्ञा हुकली, किती वेळा सगळं तुटलं. लहर आता साडेबारा सेंटिमीटरची, रिसीव्हरचा अँटेना जेमतेम तीन सेंटिमीटरचा. कार्बन फायबरच्या धडात तो लपला, की नोंदीतल्या आकड्यांत लगेच दिसतं. आणि युरोपात 2015 पासून या पट्ट्यासाठी जे नियम लागू झाले, त्यांत एक मार्ग असा आहे, की ट्रान्समीटरनं आधी ऐकायचं, जागा मोकळी असेल तरच बोलायचं.

चॅटमध्ये एक प्रश्न आलाय, तो घेतो आणि थांबतो. ‘सर, मामांचा जुना 35 मेगाहर्ट्झचा सेट माळ्यावर आहे. उडवू का?’ आधी बॅटरीची वायर सोलून बघा, तांबं काळं असेल तर सेल आणि वायर दोन्ही बदला. ट्रान्समीटरचा क्रिस्टल आणि रिसीव्हरचा क्रिस्टल यांची अदलाबदल झालेली नाही ना, हे त्यावरच्या अक्षरांवरून पडताळा. उलटे बसले तर तुम्ही भलत्याच कंपनसंख्येवर बोलाल. परवान्याची ती सूट 2.4 च्या पट्ट्यापुरती आहे, 35 साठी नियम स्वतंत्र बघावा लागेल, तो बघितल्याशिवाय चालू करू नका. सगळं ठीक निघालं, तर अँटेना मिटवून तीस पावलं चालून बघा, एकदा इंजिन बंद ठेवून आणि एकदा चालू करून.